आधी मॅन्युअल की थेट ऑटोमेशन? सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात बीएस्सी संगणकशास्त्र पूर्ण केलेल्या एका विद्यार्थिनीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करायचे आहे. सीताबर्डीतल्या एका क्लासमध्ये तिला सांगण्यात आले की मॅन्युअल टेस्टिंगचे दिवस संपले आहेत, थेट सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणारे साधन) शिका. ओळखीतल्या एका टेस्टरने नेमके उलट सांगितले, की आधी मॅन्युअलवर नोकरी धरा, ऑटोमेशन पुढे कामावर शिकता येईल. कोडिंग तिला जड जाते, क्लासची फी दोनदा भरणे घरच्यांना परवडणार नाही आणि जमल्यास काम नागपुरातच हवे आहे.

मी या क्षेत्रात बरीच वर्षे आहे, मोठ्या कंपनीत आणि आयटी पार्कमधल्या छोट्या टीममध्ये, दोन्हीकडे काम केले आहे आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेत असतो. तुम्हाला मिळालेल्या दोन्ही सल्ल्यांमध्ये मॅन्युअल आणि ऑटोमेशन हे दोन वेगळे व्यवसाय असल्याचे गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात काम एकच आहे: सॉफ्टवेअरने एखाद्या प्रसंगी काय करायला हवे हे नेमके ठरवायचे आणि ते तसे करते की नाही हे पुराव्यानिशी सांगायचे. ती पडताळणी हाताने करायची की स्क्रिप्टकडून करून घ्यायची, हा त्यानंतर येणारा प्रश्न आहे. प्रत्येक टेस्ट केसमध्ये, म्हणजे एका पडताळणीच्या लेखी मांडणीत, ‘अपेक्षित निकाल’ नावाचा एक रकाना असतो आणि शिकाऊ मुले तो सर्वांत घाईने भरतात. माझ्या मते या व्यवसायातले बहुतेक सगळे शिक्षण त्या रकान्याभोवती फिरते, म्हणून पुढचे उत्तर मी तिथूनच सुरू करतो.

वीजबिलाचे उदाहरण घेऊ. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचे टप्पे असतात: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालू ठेवावा लागणाऱ्या आपल्या शहरात हे टप्पे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. असे समजा की बिलाची आकारणी करणारा एक छोटा प्रोग्राम तुमच्याकडे तपासायला आला आहे, आणि हिशोब सोपा जावा म्हणून पहिल्या तीन टप्प्यांचे दर ५, १० आणि १५ रुपये धरा (हे खरे दर नाहीत). १५० युनिटचे बिल किती यायला हवे? पहिल्या १०० युनिटला ५ रुपये आणि उरलेल्या ५० ला १० रुपये असा नियम असेल तर १,००० रुपये. एकदा वापर दुसऱ्या टप्प्यात गेला की सगळ्याच युनिटना १० रुपये दर लागतो असा नियम असेल तर १,५०० रुपये. प्रोग्रामने १,५०० दाखवले तर तो चुकला की बरोबर आहे, हे स्क्रीनकडे कितीही वेळ पाहून कळणार नाही. नियम कुठून तरी मिळवावा लागेल, कोणाला तरी विचारावा लागेल, आणि तो लेखी नसेल तर लिहून घ्यावा लागेल. टेस्टरचे काम इथे सुरू होते, कोणतेही टूल उघडण्याच्या बरेच आधी.

आता याच उदाहरणात थोडे खोल जाऊ, कारण पाठ केलेली तंत्रे कुठे अपुरी पडतात ते इथे स्पष्ट दिसते. प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात की सीमेवरच्या किमती तपासा, म्हणजे १००, १०१, ३००, ३०१ अशा. हे बरोबर आहे. परंतु समजा डेव्हलपरने ‘३०० किंवा त्याहून कमी’ अशी अट लिहिण्याऐवजी ‘३०० पेक्षा कमी’ अशी लिहिली. मग ३०० युनिटचा ग्राहक चुकून तिसऱ्या टप्प्याच्या सूत्रात जाईल: पहिल्या शंभराचे ५००, पुढच्या दोनशेचे २,००० आणि तिसऱ्या टप्प्यातल्या शून्य युनिटचे शून्य. बेरीज २,५०० रुपये, म्हणजे बरोबर उत्तर! चूक कोडमध्ये आहे, पण या सीमेवरच्या टेस्टला ती दिसू शकत नाही, कारण टप्प्याटप्प्याच्या आकारणीत दोन्ही सूत्रांची उत्तरे सीमेवर एकच येतात. त्याच बिलात १०० युनिटपर्यंतच्या ग्राहकाला ५० रुपयांची सवलत आहे असे मानले, तर मात्र सीमेवर रकमेची उडी आहे: १०० युनिटला ४५० रुपये आणि १०१ युनिटला ५१० रुपये. तिथे ‘किंवा’ राहून गेला तर १०० युनिटवर लगेच ५०० दिसतील आणि चूक पकडली जाईल. सीमा तपासण्याचा नियम पाठ असणे आणि कोणत्या सीमेवर काय बिघडू शकते याचा विचार करता येणे, यातले अंतर असे असते. त्यासाठी लागणारे गणित सातवी-आठवीचे आहे. सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते.

या बिलावर अजून कोणते प्रश्न निघतील? शून्य युनिटचे बिल कसे दिसावे? मीटरचे वाचन दोन महिन्यांनी झाले तर टप्पे दुप्पट धरायचे का? पाच अंकी जुन्या मीटरचे मागचे वाचन ९९,९८७ आणि या वेळचे ००,०४५ असेल, तर वापर ५८ युनिटचा आहे हे प्रोग्रामला कळते की तो उणे आकडा काढतो? आकडा मावेनासा होणे ही शंका पुस्तकी वाटते, पण ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले त्याच्या मुळाशी हेच होते. एरियन ४ साठी लिहिलेला प्रोग्राम तसाच वापरला गेला, नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, आणि ६४ बिटांतली एक संख्या १६ बिटांच्या जागेत भरताना ३२,७६७ ची कमाल मर्यादा ओलांडली गेली. जुन्या रॉकेटवर तो प्रोग्राम व्यवस्थित चाललेला होता. बदललेल्या परिस्थितीत हा आकडा किती मोठा होऊ शकतो, हे नव्या मार्गाच्या आकड्यांनिशी तपासले गेले नव्हते.

आपल्या भाषेमुळे तुमच्याकडे एक जमेची बाजू आहे आणि तिचा उपयोग करून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. आज सरकारी आणि खासगी कितीतरी ॲपमध्ये मराठीत नाव लिहायची सोय असते, पण ते तपासणाऱ्या टीममध्ये मराठी टाइप करणारे कोणी असतेच असे नाही. ‘श्रीकृष्ण’ हे नाव घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची चिन्हे संगणकात साठवण्याच्या मानकात, मात्र श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकाराचे चिन्ह, ष, हलन्त आणि ण अशी नऊ चिन्हे साठवली जातात, आणि ती चिन्हे बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे एकूण २७ बाइट होतात. डेटाबेसमधला रकाना २० बाइटांचा ठेवला असेल तर हे छोटेसे नाव त्यात मावणार नाही. फॉर्मवर ‘जास्तीत जास्त १० अक्षरे’ असे लिहिले असेल, तर ती मर्यादा वाचकाची अक्षरे मोजते की युनिकोडची चिन्हे, हे विचारणारा टेस्टर टीमला खरोखर हवा असतो.

याहून अवघड उदाहरण ‘वऱ्हाडे’ या आडनावाचे आहे, जे विदर्भात आपल्या रोजच्या ऐकण्यातले आहे. यातला अर्धा र दोन रीतींनी साठवला जाऊ शकतो. एका कीबोर्डवर तो नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त मिळून होतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह मिळून होतो. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. रुग्णालयातल्या नोंदणी खिडकीवरच्या संगणकाने एका रूपात नाव साठवले आणि रुग्णाच्या मुलाने मोबाइलवरून दुसऱ्या रूपात शोधले, तर ‘नोंद सापडली नाही’ असा संदेश येईल. युनिकोडच्या प्रमाणित रूपात मजकूर बदलून घेण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यामुळे ‘ऱ’ आणि ‘र अधिक नुक्ता’ ही जोडी एक होते, परंतु अदृश्य चिन्हाचे रूप तरीही वेगळेच राहते; त्यासाठी शोध घेणाऱ्या कोडमध्ये वेगळी तजवीज करावी लागते. असा बग तुम्ही मुलाखतीत कागदावर मांडून दाखवलात, तर समोरचा माणूस तुमचे प्रमाणपत्र मागण्याआधी खुर्ची पुढे ओढून बसेल.

बग सापडल्यावर तो लिहिणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ‘नाव सर्च होत नाही’ असे लिहिलेली नोंद डेव्हलपर एकदा करून पाहतो, त्याच्याकडे नाव सापडते, आणि ‘माझ्याकडे चालते’ असा शेरा मारून तो ती परत पाठवतो. त्याऐवजी ‘अर्धा र असलेले आडनाव मोबाइलच्या कीबोर्डवरून शोधल्यास नोंद सापडत नाही’ असे शीर्षक, त्याखाली कोणत्या कीबोर्डवरून काय टाइप केले त्याच्या क्रमवार पायऱ्या, काय व्हायला हवे होते, काय झाले, ॲपची कोणती आवृत्ती होती आणि सोबत पडद्याचे चित्र, एवढे असेल तर चर्चा थेट दुरुस्तीवर येते. नोंद लिहिण्याआधी एक काम करायला विसरू नका: बग दिसण्यासाठी लागणाऱ्या पायऱ्या जितक्या कमी करता येतील तितक्या कमी करून बघा. बारा पायऱ्यांनी दिसलेला बग चार पायऱ्यांत दाखवता आला, तर कारण शोधण्याचे अर्धे काम तिथेच झालेले असते. गांभीर्य (बगमुळे किती बिघडते) आणि प्राधान्य (तो किती लवकर दुरुस्त करायचा) यांतला फरक प्रत्येक मुलाखतीत विचारतात, तो समजून घ्या. त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही.

ऑटोमेशनकडे जाण्याआधी तीन गोष्टी हाताखालून जायला हव्यात. पहिली एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा. निवडक ओळी काढणे, दोन टेबले जोडणे, गटवार मोजणी करणे एवढे नीट आले तरी पडद्यावर दिसणारे आणि डेटाबेसमध्ये खरोखर असलेले यांची तुलना करता येते. दुसरी, ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद. कोणतेही संकेतस्थळ उघडून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब पाहा, एक बटण दाबा आणि कोणती विनंती गेली, काय उत्तर आले ते वाचा. तेच पोस्टमन या सर्व्हरला विनंत्या पाठवण्याच्या साधनात हाताने करून बघा. सर्व्हरच्या उत्तरातल्या ४०१ (ओळख पटलेली नाही) आणि ४०३ (परवानगी नाही) या कोडमधला फरक माहीत असावा, आणि हेही माहीत असावे की सर्व्हर कधी कधी ‘सगळे ठीक’ या अर्थाचा २०० हा कोड पाठवतो आणि आतल्या मजकुरात मात्र त्रुटीचा संदेश असतो. फक्त कोड तपासणारी टेस्ट अशा ठिकाणी फसते. तिसरी गोष्ट गिट, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन. फाइल बदलणे, बदलाची नोंद करणे आणि ती गिटहब या संकेतस्थळावर चढवणे एवढे सुरुवातीला पुरे.

आता कोडिंगच्या भीतीबद्दल. टेस्टरला लागणारे कोडिंग आणि तुम्ही पदवीला ज्याला घाबरलात ते कोडिंग, यांत बराच फरक आहे. इथे व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, याद्या, फाइल वाचणे आणि कोडमधला ‘क्लास’ म्हणजे काय याची समज, एवढ्यावर बरेच दूर जाता येते. भाषा कोणती, याचे माझे उत्तर असे: मोठ्या सेवा कंपन्यांच्या प्रकल्पांत जावा आणि तिच्यासोबत टेस्ट चालवणारे टेस्टएनजी यांची जोडी अजूनही खूप दिसते, त्यामुळे नोकरीच्या दृष्टीने जावाचा उपयोग आहे, परंतु ज्याला कोडिंगचीच धास्ती आहे त्याने पायथन आणि तिच्यातल्या टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टने सुरुवात करावी, कारण तिथे भाषेच्या नियमांपेक्षा टेस्टच्या विचाराकडे लक्ष राहते. एक भाषा नीट आली की दुसरीकडे वळणे फार कठीण जात नाही. पहिला सराव ब्राउझरवर करूच नका. वरचे वीजबिलाचे सूत्र स्वतः एका फंक्शनमध्ये लिहा आणि त्यावर पायटेस्टमध्ये दहा-पंधरा टेस्ट लिहा. टेस्ट म्हणजे इनपुट, कृती आणि अपेक्षित निकालाशी तुलना, हा सांगाडा ब्राउझरच्या गोंधळाशिवाय तिथे स्वच्छ दिसतो.

सेलेनियमचा उगम माहीत असला तर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हे कळते. २००४ मध्ये शिकागोतल्या थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी कंपनीच्या अंतर्गत वापराचे, कामाचे तास आणि खर्च नोंदवण्याचे एक वेब ॲप तपासताना तेच ते क्लिक पुन्हा पुन्हा करावे लागू नयेत म्हणून ब्राउझर आपोआप चालवणारे एक साधन तयार केले. त्यातून सेलेनियम निघाले. पुढे वेबड्रायव्हर हे ब्राउझरला बाहेरून आज्ञा देणारे दुसरे साधन त्यात मिसळले आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हर हे वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे अधिकृत मानक झाले. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने प्लेराइट हे तशाच कामाचे साधन आणले, जे पानावरचा घटक दिसेपर्यंत आणि क्लिक करण्याजोगा होईपर्यंत आपणहून थांबते. नव्याने शिकणाऱ्याला मी प्लेराइट सुचवतो आणि सोबत सेलेनियमचे मूलभूत ज्ञान ठेवायला सांगतो, कारण जुन्या प्रकल्पांत सेलेनियमच्या हजारो स्क्रिप्ट आहेत आणि त्या सांभाळायला माणसे लागतात. ही साधने ब्राउझर चालवून देतात, पान बरोबर आहे की नाही हे त्यांना माहीत नसते. ते आपण शेवटच्या तुलनेच्या ओळीत लिहितो, जिला असर्शन म्हणतात.

या ओळीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते ते पाहा. नोंदणीच्या पानावर ‘श्रीकृष्ण’ हे नाव भरायचे, ‘जतन करा’ दाबायचे आणि ‘माहिती जतन झाली’ हा संदेश दिसला की टेस्ट पास, अशी स्क्रिप्ट आहे. पान असे लिहिले आहे की बटण दाबताच ब्राउझरच हा संदेश दाखवतो, सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत नाही. तिकडे डेटाबेसने २७ बाइटांचे नाव २० बाइटांच्या रकान्यात घ्यायला नकार दिला आहे. रोज रात्री स्क्रिप्ट चालते, रोज हिरवी खूण उमटते, आणि एकही नाव जतन होत नाही. योग्य स्क्रिप्ट संदेश पाहून थांबत नाही. ती पान नव्याने उघडून नोंद शोधते, किंवा एपीआयला (सर्व्हरशी पानाशिवाय थेट बोलण्याच्या मार्गाला) विचारते, किंवा एसक्यूएलने ओळ काढून नावाशी तुलना करते. हे सुचण्यासाठी आधी तुम्ही हाताने टेस्टिंग करताना ‘जतन झाले म्हणजे नेमके कुठे काय झाले?’ असे स्वतःला विचारलेले असावे लागते. म्हणूनच मॅन्युअल पूर्ण वगळून थेट सेलेनियमवर उडी मारायला मी नको म्हणतो, आणि त्याच कारणासाठी वर्षानुवर्षे फक्त तयार टेस्ट केसच्या पायऱ्या गिरवत राहायलाही नको म्हणतो. दोन्हीकडे अपेक्षित निकालाचा विचार दुसऱ्यावर सोडलेला असतो.

प्रत्येक नवी टेस्ट लिहून झाली की ती एकदा मुद्दाम पाडून बघा. कोड तुमच्या हातात असेल तर त्यात ती टेस्ट पकडेल अशी चूक जाणूनबुजून करा, जसे ३०१ युनिटच्या टेस्टसाठी ३०० च्या जागी ३०१ लिहा; नसेल तर अपेक्षित किंमत बदला. टेस्ट लाल झाली नाही तर ती काहीही तपासत नाही. पहिल्या प्रयत्नात पास झालेल्या टेस्टवर विश्वास ठेवू नये, असे मी माझ्या टीममधल्या प्रत्येकाला सांगतो.

दुसरा मोठा त्रास म्हणजे कधी पास तर कधी फेल होणाऱ्या, टीमच्या भाषेत फ्लेकी, टेस्ट. याचे सर्वांत नेहमीचे कारण वेळेचे असते. पान उमटायला कधी एक सेकंद लागतो, कधी चार. स्क्रिप्टमध्ये ‘तीन सेकंद थांब’ असे लिहिलेले असते. मग कोणीतरी ते दहा सेकंद करतो आणि पाचशे टेस्टचा संच रात्रभरात संपेनासा होतो. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी अमुक घटक दिसेपर्यंत थांब अशी अट लिहायची असते. दुसरे कारण सामायिक डेटा: एका टेस्टने तयार केलेला ग्राहक दुसरी टेस्ट पुसून टाकते आणि क्रम बदलला की सगळे कोसळते. प्रत्येक टेस्टने स्वतःचा डेटा स्वतः तयार करावा, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. तिसरे कारण पानावरचा घटक शोधण्याची पद्धत. लांबलचक एक्सपाथ, म्हणजे पानाच्या रचनेतला घटकाचा पत्ता, कॉपी करून चिकटवला की डिझायनरने एक चौकट वाढवताच टेस्ट मोडते. त्याऐवजी घटकाचे नाव, भूमिका किंवा टेस्टसाठी दिलेली खास ओळखखूण वापरावी, आणि ती नसेल तर डेव्हलपरला घालायला सांगावी. डेव्हलपर बहुधा आनंदाने घालतो, त्याला फक्त कोणी विचारलेले नसते.

सगळेच ब्राउझरमधून तपासण्याचा मोह टाळा. बिलाच्या आकारणीच्या शंभर शक्यता फंक्शन किंवा एपीआयच्या पातळीवर काही सेकंदांत तपासून होतात. ब्राउझरमधून फक्त महत्त्वाचे दोन-चार प्रवास तपासावेत. आणि काही गोष्टी हातानेच पाहाव्यात: पान पहिल्यांदा उघडणाऱ्या माणसाला समजते का, मराठी मजकूर बटणाबाहेर जातो का, उन्हात उभे राहून फोनच्या पडद्यावर अक्षरे वाचता येतात का.

हल्ली एआयची साधने टेस्ट लिहून देतात आणि त्यामुळे हे क्षेत्र शिकावे की नाही, असा प्रश्नही मुले विचारतात. मी ती साधने रोज वापरतो. सांगाडा, टेस्ट डेटा, कंटाळवाणे कोड यासाठी ती फार उपयोगी आहेत. परंतु कोड दाखवून ‘याच्या टेस्ट लिही’ असे सांगितले की बहुतेकदा कोड आज जे करतो तेच अपेक्षित निकाल म्हणून लिहिले जाते, आणि त्यात बग असेल तर बगच योग्य ठरतो. १५० युनिटचे बिल १,००० असावे की १,५०० हे नियम माहीत असलेल्या माणसाला तिथे तपासावेच लागते.

सरावासाठी सॉसडेमो, ऑरेंजएचआरएमचा डेमो अशी खास संकेतस्थळे मोकळी आहेत. कोणत्याही बँकेच्या, सरकारी खात्याच्या किंवा दुकानाच्या चालू संकेतस्थळावर परवानगीशिवाय भाराची किंवा सुरक्षेची चाचणी करू नका. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार परवानगीशिवाय प्रणालीत शिरणे किंवा तिच्या सेवेत अडथळा आणणे महागात पडू शकते. त्याहून चांगला मार्ग मुक्तस्रोत प्रकल्पांचा आहे. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांची मराठी रूपे उपलब्ध आहेत, त्यांच्या बगझिलावर, म्हणजे बग नोंदवण्याच्या जाहीर संकेतस्थळावर, कोणीही नोंद करू शकते. तिथे नोंदवलेला एक नीट बग आणि त्याखाली डेव्हलपरशी झालेली चर्चा, हा तुमच्या कामाचा जाहीर पुरावा असतो. डेव्हलपरने जास्त माहिती मागितली तर निराश होऊ नका. त्या प्रश्नांतून नोंद लिहिणे शिकायला मिळते.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात. आयएसटीक्यूबी ही टेस्टिंगची प्रमाणपत्रे देणारी आंतरराष्ट्रीय संस्था २००२ मध्ये स्थापन झाली. तिच्या फाउंडेशन परीक्षेत ४० प्रश्न, ६० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी २६ गुण असे स्वरूप आहे. या अभ्यासामुळे परिभाषा पक्की होते आणि काही कंपन्यांच्या पहिल्या चाळणीत उपयोग होतो. हाताशी पैसे मर्यादित असतील तर अभ्यासक्रम विनामूल्य डाउनलोड करून वाचा आणि परीक्षा पहिल्या पगारानंतर द्या.

नागपुरातल्या कामाबद्दल. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या आहेत, परसोडीच्या आयटी पार्क परिसरात पर्सिस्टंट आणि आजूबाजूला बाहेरच्या ग्राहकांचे काम करणाऱ्या अनेक लहान कंपन्या आहेत. मोठ्या ठिकाणी नव्या उमेदवाराला बहुधा सर्वसाधारण भरतीतून घेतात आणि टेस्टिंगचा प्रकल्प मिळेलच याची खात्री नसते, शहरही बदलू शकते. लहान कंपनीत पगार सुरुवातीला कमी असतो, पण पाच-सात जणांच्या टीममध्ये टेस्टर एकटाच असल्याने रिक्वायरमेंट वाचण्यापासून रिलीजच्या रात्रीपर्यंत सगळे वाट्याला येते. पहिल्या नोकरीसाठी मी नागपुरातली अशी लहान कंपनी पसंत करेन, मात्र तिथे कोणीतरी अनुभवी डेव्हलपर असायला हवा, ज्याच्याकडून कोड वाचायला शिकता येईल. पुण्याला जावे लागले तर जा. इथे केलेले काम तिथेही मोजले जाते. अर्जासोबत गिटहबचा दुवा द्या, ज्यात एका ॲपचे विचारपूर्वक लिहिलेले टेस्ट केस, चार-पाच बगच्या नोंदी आणि प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणारा ऑटोमेशनचा छोटा संच असेल. वीस टूलची नावे लिहिलेला बायोडाटा मी दुसऱ्यांदा उघडत नाही, असा संच मात्र उघडून वाचतो.

राहिला क्लासचा प्रश्न. फी भरण्याआधी एका लेक्चरला बसू द्या अशी विनंती करा आणि तिथे शिकवणाऱ्याला थेट विचारा की मुलांनी लिहिलेल्या बगच्या नोंदी कोण वाचून परत देते, एसक्यूएल आणि एपीआय अभ्यासक्रमात आहेत का आणि शेवटचा प्रकल्प प्रत्येकाचा वेगळा असतो की सगळी बॅच एकच लॉगिनची स्क्रिप्ट उतरवून घेते. पडद्यावर चालू असलेल्या स्क्रिप्टमधली अपेक्षित किंमत बदलून दाखवायला सांगा आणि ती लाल होते का ते बघा. याची समाधानकारक उत्तरे मिळाली तर ‘मॅन्युअल की ऑटोमेशन’ हा भेद न पाहता प्रवेश घ्या. मिळाली नाहीत तर थांबा. पायथन, एसक्यूएल आणि प्लेराइट यांचे अधिकृत मार्गदर्शन इंटरनेटवर विनामूल्य आहे, आणि कोणाकडून तरी नोंदी तपासून घेण्याची सोय होईपर्यंत तेवढा अभ्यास घरी बसून नक्की होऊ शकतो.